रांग कोणाच्या घरी लागते?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मी निवडलेला विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने राउटरविषयी बोलावे, हे त्यांना विसंगत वाटले असावे. परंतु टंचाईत वाटप कसे करावे, हा प्रश्न अर्थशास्त्राचा नव्हे तर कोणाचा?

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत ४० एमबीपीएसची एकच इंटरनेट जोडणी आहे आणि स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी वीस मुलेमुली तिच्यावर अवलंबून आहेत. एकाने मोठी फाईल उतरवून घ्यावयास सुरुवात केली, की उरलेल्यांची पाने उघडेनाशी होत. कार्यकारिणीने हे काम माझ्याकडे सोपविले; निवृत्त माणसाला वेळ असतो, असा सार्वत्रिक समज आहे.

मी प्रथम समान वाटप केले. प्रत्येकाला २ एमबीपीएस, अधिक नाही. हिशेब बिनचूक होता. पण सकाळी सहा वाजता तिघेच हजर असत, आणि ३४ एमबीपीएस रिकामे पडून असताना ते तिघे व्याख्यानाच्या चित्रफितीसाठी ताटकळत. ही क्षमता धान्यासारखी कोठारात साठविता येत नाही. गेलेल्या क्षणाची क्षमता गेलीच. सबब नियम बदलला. प्रत्येकाला दीड एमबीपीएसची हमी, आणि इतरांचे न वापरलेले उसने घेण्याची मुभा. मूळ धनी परतला की उसने तत्काळ सोडावयाचे.

मर्यादा घालण्याची रीत अशी. माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपाने जाते. राउटर एका काल्पनिक बादलीत ठरलेल्या वेगाने टोकने टाकीत राहतो आणि प्रत्येक पॅकेट आपल्या आकाराएवढी टोकने उचलून पुढे जाते. टोकने संपली, की पॅकेट रांगेत थांबविले जाते किंवा सरळ टाकून दिले जाते. पॅकेट पोचले नाही असे पाहून पाठविणारा संगणक आपला वेग कमी करतो. मात्र एकूण मर्यादा ४० नव्हे, ३६ ठेवावी लागते. पूर्ण ४० ठेवल्यास रांग आपल्या राउटरात न लागता कंपनीच्या यंत्रात लागते, आणि तेथील रांगेवर आपला अधिकार चालत नाही. दहा टक्क्यांवर पाणी सोडून आपण रांग आपल्या घरी आणतो. मला हा सौदा फायद्याचा वाटतो.

आता अग्रक्रमाविषयी. प्रत्येक पॅकेटच्या मथळ्यात सहा बिटांची जागा असते. १९९८ च्या मानकानुसार तीत ६४ प्रकारच्या खुणा करता येतात. बोलण्याच्या पॅकेटांना प्रघाताने ४६ ही खूण देतात. दूरध्वनीवरील संभाषणाला सुमारे १०० केबीपीएस पुरतात, पण त्याला विलंब सोसत नाही. त्याला पुढे जाऊ दिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. प्रत्येक अग्रक्रम म्हणजे विशेषाधिकारच, असे मानणाऱ्या मित्रांशी म्हणूनच माझा मतभेद आहे. एस. टी.त अपंगांसाठी आसन राखलेले असते, ते कोणाला खुपत नाही. तेच आगारप्रमुखाच्या मेव्हण्यासाठी राखले तर खुपते.

असे मेव्हण्याचे आसन मीच निर्माण केले, हे कबूल केले पाहिजे. कार्यकारिणीच्या सूचनेवरून मी कार्यालयातील संगणकाला पहिल्या रांगेत बसविले आणि त्यावर मर्यादा घातली नाही. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी त्या संगणकावरून वर्धापनदिनाची चित्रफीत चढविली जात होती. वर पाठविण्याची वाट मुळातच अरुंद. ती सर्व त्या चित्रफितीने अडविली. छायाचित्र आणि सही चढविता न आल्याने दोघींचे अर्ज मुदतीत गेले नाहीत. राउटरने काही गैर केले नव्हते. मी लिहिलेला नियम त्याने इमानाने पाळला होता.

हेच मोठ्या प्रमाणावर घडते तेव्हा त्याचे राजकारण होते. अमेरिकेत कॉमकास्ट ही कंपनी बिटटोरेंट वापरणाऱ्यांच्या संभाषणात ‘संपर्क तोडा’ असे खोटे संदेश घुसवीत असल्याचे २००७ मध्ये उघड झाले. २००८ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने कंपनीविरुद्ध निर्णय दिला. २०१० मध्ये न्यायालयाने आयोगाला तसा अधिकारच नाही म्हणून तो रद्द ठरविला. आपल्याकडे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. २०१८ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने भेदभाव न करण्याचे तत्त्व स्वीकारले, तथापि वाहतुकीच्या वाजवी व्यवस्थापनाला मोकळीक ठेवली. ‘वाजवी’ या शब्दावर आपण डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. कंपनीच्या राउटरातील नियम ग्राहकाला दिसत नाहीत. त्याला फक्त मंद झालेले पान दिसते.

आमच्या राउटरातील सर्व नियम आता मराठीत लिहून फलकावर लावले आहेत. बोलण्याला अग्रक्रम आहे, पण त्यालाही ३ एमबीपीएसची मर्यादा आहे. कार्यालयाचा संगणक साधारण रांगेत आहे. त्याला पहिली जागा परत द्यावी, असा ठराव पुढील सभेपुढे येत आहे. मी त्याला विरोध करणार आहे, आणि त्या दोघी मुलींनाही सभेला बोलावले आहे.