बीजगणिताचा तास कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मतदारांपुढे मार्च २०२४ मध्ये एक चमत्कारिक प्रश्न ठेवण्यात आला : सार्वजनिक शाळांतून आठवीच्या मुलांना बीजगणित पुन्हा शिकवावे की नाही? ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी ‘शिकवावे’ असे उत्तर दिले. हा कौल केवळ सल्लावजा होता; शाळामंडळाने तर आधीच, फेब्रुवारीत, बीजगणित परत आणण्याचे ठरविले होते. पण पुरोगामी म्हणून मिरविणाऱ्या शहराने समतेच्या नावाने दहा वर्षे चाललेले धोरण इतक्या मोठ्या बहुमताने झिडकारावे, ही घटना समाजवाद्यांनी नजरेआड करण्याजोगी नाही. समतेचा आग्रह धरला की गुणवत्तेचा बळी जातो, असा तिचा अर्थ उजव्या मंडळींनी लावला. तो अर्थ खोटा आहे. मात्र तो खोटा का, हे सांगायचे तर धोरणकर्त्यांची चूकही तितक्याच परखडपणे सांगावी लागते.

वादाचे मूळ जुने आहे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदावर उभ्या असलेल्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, राजधानी वॉशिंग्टनच्या शाळांत कुवतीनुसार प्रतवारीची चार थरांची व्यवस्था सुरू झाली. मुलांच्या चाचण्या घ्यायच्या आणि त्यांना थरांत वाटून टाकायचे. सर्वांत खालच्या थरात कोण गोळा झाले असतील, हे सांगावयास नको. शाळेचा दरवाजा एक झाला, पण आत जिने चार झाले, आणि तळाचा जिना कोठेच पोचत नव्हता. या व्यवस्थेविरुद्ध ज्युलियस हॉबसन न्यायालयात गेले. ते सरकारी खात्यातील संख्याशास्त्रज्ञ होते, स्वतःला मार्क्सवादी म्हणवीत आणि प्रशासनाचेच आकडे प्रशासनावर उलटवीत. १९६७ मध्ये न्यायमूर्ती स्केली राइट यांनी ही प्रतवारी रद्द केली. चाचण्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेल्या असून त्या गरीब कृष्णवर्णीय मुलांची उपजत कुवत मोजूच शकत नाहीत, हा त्यांच्या निकालाचा गाभा होता. आपल्याकडील ‘अ’ तुकडी आणि ‘ड’ तुकडी पाहिलेल्या माणसाला तो समजावून द्यावा लागत नाही.

निकाल लागला तरी पद्धत मेली नाही. १९८५ मध्ये जीनी ओक्स या विदुषीने २५ शाळांच्या अभ्यासावरून दाखविले की, वरच्या तुकडीला विचार करावयास शिकविले जाते आणि खालच्या तुकडीला घोकंपट्टी व शिस्त. म्हणजे प्रतवारी आधीची विषमता नोंदवून थांबत नाही. ती रोजच्या तासाला नवी विषमता घडवीत असते.

गणितात हे विशेष का बोचते? कारण तेथील गणिताचा अभ्यासक्रम शिडीसारखा आहे. प्रथम बीजगणित, मग भूमिती, मग बीजगणिताचा दुसरा भाग, मग कलनपूर्व गणित आणि शेवटी कलनशास्त्र. पायऱ्या पाच, वर्षाला एक. शालेय शिक्षण बारावीला संपते. आठवीत पहिली पायरी चढलेला विद्यार्थी बारावीत कलनशास्त्रापर्यंत पोचतो. नववीत चढलेला एक पायरी खाली राहतो. अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या नामांकित शिक्षणसंस्थांत प्रवेश देताना कलनशास्त्राला मोठे वजन असते. तेरा वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकातील एका तासावर असे त्याचे भवितव्य टांगलेले असते.

सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये यावर उपाय काढला : आठवीत बीजगणित कोणालाच नको, नववीत सर्वांना एकत्र. हेतू प्रामाणिक होता. पण परिणाम काय झाला? ऐपतदार पालकांनी मुलांसाठी बाहेर पैसे भरून बीजगणिताचा अभ्यासक्रम विकत घेतला. ज्यांना तो परवडला नाही, त्यांच्यापुढे दहावीत भूमिती आणि बीजगणित-दोन एकाच वर्षी घेण्याचा, किंवा पुढे दोन वर्षांचा विषय एका वर्षात कोंबण्याचा मार्ग उरला. पुन्हा बीजगणितास बसावे लागणाऱ्या मुलांचे प्रमाण घटल्याचा गाजावाजा प्रशासनाने केला. टीकाकारांनी दाखवून दिले की, पुढे जाण्यासाठी असलेली चाचणीच मधल्या काळात काढून टाकण्यात आली होती! स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला. त्यात आरंभीच्या वर्षांत प्रगत गणिताकडे जाणाऱ्यांची संख्या घटलेली दिसली आणि निरनिराळ्या वंशसमूहांतील मोठी दरी होती तेथेच राहिलेली आढळली.

येथे चूक नेमकी ओळखली पाहिजे. प्रतवारी मोडली ही चूक नव्हे. शिडीची पायरी काढून घेतली, आणि तिच्या जागी गरीब मुलाला जादा काही दिले नाही, ही चूक. सार्वजनिक शाळेने जे देणे थांबविले ते बाजारात गेले, आणि बाजारात कोणाची चलती असते हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. खर्चाविना समता आणण्याची ही युक्ती अंदाजपत्रक सांभाळणाऱ्यांना सोयीची असते. डाव्यांनी तिला भुलण्याचे कारण नाही.

शिकागो शहराचा अनुभव याहून बोलका आहे. तेथे १९९७ मध्ये उलट दिशेने पाऊल टाकले गेले : नववीतील प्रत्येक मुलाला बीजगणित सक्तीचे. शिक्षक तेच, तास तेवढेच. परिणामी नापासांची संख्या वाढली आणि परीक्षेतील गुण सुधारले नाहीत. मग २००३ मध्ये, आठवीच्या चाचणीत राष्ट्रीय मध्यापेक्षा मागे पडलेल्या मुलांसाठी बीजगणिताचे तास दुप्पट करण्यात आले आणि शिक्षकांनाही साहाय्य देण्यात आले. नापासांचे प्रमाण लगेच फारसे हलले नाही. पण त्या मुलांचा पुढे मागोवा घेतला तेव्हा शालेय शिक्षण पूर्ण करणारे आणि महाविद्यालयात जाणारे वाढलेले दिसले. यातील गंमत अशी की, या योजनेत मागे पडलेली मुले अधिक प्रमाणात एकत्र बसू लागली. म्हणजे शब्दाला चिकटून पाहिले तर ही प्रतवारीच झाली. परंतु वॉशिंग्टनच्या प्रतवारीने मुलाकडून काढून घेतले, शिकागोच्या दुप्पट तासाने त्याला दिले. तुकड्या किती, यापेक्षा जादा तास आणि जाणता शिक्षक कोणत्या तुकडीच्या वाट्याला जातो, हा वर्गीय प्रश्न आहे.

हे रॉबर्ट मोझेस यांना अनेक शिक्षणतज्ज्ञांच्या आधी उमगले होते. हा गणिताचा शिक्षक १९६० नंतरच्या काही वर्षांत मिसिसिपीत कृष्णवर्णीय शेतमजुरांची मतदार म्हणून नोंदणी करीत फिरला, त्यासाठी त्याने मार आणि तुरुंगवास सोसला. ज्यांना राज्याने शिकूच दिले नाही त्यांनाच साक्षरतेच्या अटीवर मताधिकार नाकारण्याचा डाव त्याने जवळून पाहिला. पुढे काही वर्षे टांझानियात शिकवून तो परतला. मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणित नव्हते, म्हणून तो स्वतः शिकवू लागला आणि त्यातून १९८२ मध्ये त्याचा ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला. औद्योगिक युगात लेखन-वाचनाला जे स्थान होते ते संगणकाच्या युगात बीजगणिताला आहे, आणि म्हणून तो नागरी हक्क आहे, ही त्याची भूमिका होती. तळच्या चौथ्या हिश्श्यातील मुले निवडायची, त्यांना रोज सुमारे दीड तास गणित द्यायचे, तेही सलग चार वर्षे, अशी त्याच्या संस्थेची पद्धत. २०२१ मध्ये मोझेस वारले.

आपल्या देशातही हा वाद दारात उभा आहे. महाराष्ट्राच्या मंडळाने ‘सामान्य गणिता’चा पर्याय काही वर्षे ठेवून नंतर बंद केला. केंद्रीय मंडळाने २०२० पासून दहावीला ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका आणल्या. अभ्यासक्रम एक, वर्ग एक, पण मूळ नियमानुसार ‘बेसिक’ घेणाऱ्याला अकरावीत नेहमीच्या गणिताचा रस्ता बंद. त्याला विरोध करावा की पाठिंबा द्यावा, हा ठराव सभेत सहज संमत होईल. त्याआधी कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील शाळेत जाऊन पाहावे : सोपी प्रश्नपत्रिका कोणत्या वस्तीतील मुले घेतात आणि ती घ्यावी असे त्यांना कोण सांगते, शेवटच्या तुकडीला गणित शिकविणारा शिक्षक गणिताचा आहे काय, आणि आठवड्यातले किती तास तो प्रत्यक्ष वर्गात असतो, किती तास दुसऱ्याच सरकारी कामावर.