वडिलांची खुर्ची?

मैत्रिणींनो, शशिकला काकोडकरांचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : भाऊसाहेब बांदोडकरांची मुलगी, म्हणून मुख्यमंत्री झाली. ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेब गेले आणि ताई गोवा, दमण व दीवच्या मुख्यमंत्री झाल्या, हे खरंच. पण १९६७ पासून त्या आमदार होत्या, हे कुणी सांगत नाही. मुलगा आला की वारसा, मुलगी आली की वशिला!

'पण बायकांसाठी काय केलं?' असं आपल्यातल्याच काहीजणी विचारतात. मी १९७५ च्या मुंडकार कायद्याकडे बोट दाखवते. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार. भाटकार म्हणाला 'निघ', की चूल, भांडी, पोरं उचलून नवा आसरा शोधायचा तो बाईनेच. या कायद्याने तसं हुसकावण्याला आळा घातला. डोक्यावरचं छप्पर हा बायकांचा प्रश्न नाही तर कुणाचा? पुढच्याच वर्षी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली, कसणाऱ्या कुळाला मालकी देणारी. उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव चढलं का, हे मात्र गावोगाव जाऊन विचारायला हवं.

१९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतःच्या बळावर काढली. १९७९ मध्ये स्वपक्षातलेच आमदार फुटले, सरकार पडलं. ताई घरी बसल्या नाहीत. १९९० मध्ये शिक्षणमंत्री म्हणून प्राथमिक शाळांचं अनुदान त्यांनी मराठी-कोकणी माध्यमाशी जोडलं. २०११ मध्ये सरकारने ते धोरण बदललं, तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ताई आंदोलनात पुढे होत्या.

२०१६ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यानंतर गोव्यात स्त्री मुख्यमंत्री झालेली नाही. आणि महाराष्ट्रात तर एकदाही नाही.