सर्व्हर तुमचं युजरनेम बदलतो तेव्हा

आजचा विषय नावाला रुक्ष आहे, पण रोज तुमच्या फोनमधून जातो. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वायफायला जोडताना तुम्ही युजरनेम टाकता. ते सर्व्हरपर्यंत पोचतं आणि बऱ्याच ठिकाणी तिथे गुपचूप बदललं जातं. का बदलतात आणि त्यात काय बिघडू शकतं, ते आज बघू.

आधी 'का' ते सांगतो. समजा स्नेहाचं नाव डेटाबेसमध्ये सगळ्या लहान अक्षरांत आहे. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर मोठं करून टाकतो. कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की मागे एक स्पेस येते, ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. विंडोजचा लॅपटॉप नावाआधी ऑफिसचं डोमेन आणि उलटी तिरकी रेघ जोडू शकतो. आणि एज्युरोम असेल, तर नावापुढे ॲटचं चिन्ह आणि संस्थेचं डोमेन लागतं. माणूस एकच, रूपं चार.

ही तपासणी बहुतेक ठिकाणी रेडियस सर्व्हर करतो. हा प्रोटोकॉल डायल-अप मोडेमच्या काळातला. त्याचं आजही वापरात असलेलं मूळ मानक आहे आरएफसी २८६५, साल २०००. फ्रीरेडियस हे त्याचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्यात ॲडमिन नियम लिहू शकतो: मोठी अक्षरं लहान कर, स्पेस काढ, ॲटच्या पुढचं तोड. फ्रीरेडियसच्या जुन्या आवृत्त्यांत तर यासाठी तयार सेटिंगच होत्या.

दोन ओळींचं काम वाटतं ना? नियम लावला की काही लोकांचं लॉगिन सुरू होतं आणि काहींचं बंद पडतं. पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, तरी नकार. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

तुमच्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये 'एमएस-चॅप व्ही२' असे शब्द दिसले असतील. या पद्धतीत पासवर्ड सर्व्हरकडे जातच नाही. सर्व्हर एक यादृच्छिक कोडं पाठवतो, फोन स्वतःचं एक कोडं घेतो, त्यात युजरनेम मिसळतो आणि पासवर्डच्या मदतीने उत्तर काढतो. सर्व्हर तेच गणित आपल्या बाजूने करतो. दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं. आता फोनने मोठ्या अक्षराचं नाव घेऊन गणित केलं आणि सर्व्हरने ते आधीच लहान करून टाकलं, तर उत्तरं जुळणार कशी? एका अक्षराचा फरक पडला तरी हॅश पूर्ण बदलतो. स्क्रीनवर मात्र तोच संदेश: पासवर्ड तपासा. बिचारी स्नेहा पासवर्ड बदलत बसते.

दुसरी अडचण ईएपीची. फोन आपली ओळख ईएपीच्या पाकिटात आतही पाठवतो आणि तीच बाहेर युजरनेमच्या रकान्यातही असते. तुम्ही बाहेरचं नाव खोडून नवं लिहिलंत, तर आतलं आणि बाहेरचं जुळत नाही. फ्रीरेडियस अशी विनंती सरळ नाकारतो, आणि ते योग्यच आहे.

म्हणून यातला शहाणपणाचा नियम असा: मूळ नावाला हात लावू नका, शेजारी प्रत ठेवा. फ्रीरेडियस ॲटच्या पुढचा भाग वेगळा काढतो तेव्हा उरलेलं नाव 'स्ट्रिप्ड-युजर-नेम' या दुसऱ्या रकान्यात ठेवतो. डेटाबेसमध्ये शोधायला प्रत वापरायची, गणिताला मूळ नाव. डॉक्टर केसपेपरवर आधीचं खोडत नाहीत, खाली नवी नोंद करतात, तसंच.

आता खरा धोका. दोन वेगळी नावं धुऊन-पुसून एकच झाली तर? २०१३ मध्ये स्पॉटिफायने स्वतःच असा प्रकार जाहीरपणे सांगितला. युनिकोडमध्ये इंग्रजी अक्षरांची वर उचललेली छोटी रूपं असतात. त्यांत लिहिलेलं नाव पहिल्यांदा साफ केलं की साधी मोठी अक्षरं मिळत, आणि तेच पुन्हा साफ केलं की लहान. म्हणजे दर फेरीला उत्तर वेगळं. कुणीही असं नाव घेऊन खातं उघडायचं, पासवर्ड रीसेटची लिंक मागवायची, आणि पासवर्ड बदलायचा तो दुसऱ्याच माणसाच्या खात्याचा. चाळलेलं पीठ पुन्हा चाळलं तरी तेच पीठ राहायला हवं. नाव साफ करणारा नियम तसाच पाहिजे.

आपल्या लिपीतही हे आहे बरं का. 'वाऱ्या' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. दिसायला सारखाच, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. देवनागरी १ आणि इंग्रजी एक दिसायला वेगळे, आकडा एकच, पण संगणकाच्या लेखी तीही दोन वेगळी चिन्हं. उद्या मराठी युजरनेम घ्यायची असतील, तर हे आधी ठरवावं लागेल.

आणि हे फक्त लॉगिनपुरतं नाही. लॉगिन मंजूर करताना रेडियस सर्व्हर युजरनेम परत पाठवू शकतो, आणि पुढच्या वापराच्या नोंदी त्या नावाने व्हाव्यात असं मानक सांगतं. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आपल्याकडे संस्थांना लॉग १८० दिवस जपावे लागतात. समजा स्नेहा१ आणि स्नेहा२ या दोघींच्या नावातले आकडे कुणी नियम लिहून काढून टाकले. मग त्या नेटवर्कवर कुणी काय केलं, याचा जाब कुठल्या स्नेहाला विचारणार?

म्हणून शंका असेल तिथे नाव दुरुस्त करण्यापेक्षा नाकारणं बरं. फ्रीरेडियसमध्ये यासाठी 'फिल्टर युजरनेम' नावाचा नियमसंच आहे. नावात स्पेस, दोन ॲट किंवा लागोपाठ दोन टिंबं दिसली की तो विनंती परत पाठवतो. माणसाला थोडा त्रास होतो, पण तो दुसऱ्याच्या नावाने आत जात नाही.

तुमच्यापैकी जे सर्व्हर सांभाळतात त्यांनी नियम लावण्याआधी एक काम करा: तो सगळ्या जुन्या युजरनेमवर चालवून बघा, आणि दोन नावं एक होतायत का ते मोजा. बाकीच्यांनी पुढच्या वेळी वायफाय नकार देईल तेव्हा पासवर्ड बदलायला धावू नका. आधी युजरनेमच्या शेवटी बोट ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा, आणि पहिलं अक्षर दिल्याप्रमाणेच आहे ना ते बघा. तरीही जमलं नाही, तर हेल्पडेस्कला तुम्ही टाकलेलं नाव अक्षरन् अक्षर सांगा. भेटू पुढच्या भागात.