पोरांच्या हाताला काम, कामाला हिशेब
(जिल्हा मेळाव्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळावा म्हटला की आपण भावाचे बोलतो, कर्जाचे बोलतो, विजेचे बोलतो. आज थोडा वेळ शाळेचे बोलायचे आहे. हा विषय भावाच्या विषयापासून वेगळा नाही, हे शेवटपर्यंत ऐकले तर पटेल.

आपल्या कापसा-ज्वारीच्या पट्ट्यात दहा वर्षे शाळेत गेलेले पोर पाहा. मोटारीचा स्टार्टर उघडायला त्याला भीती वाटते. औषधाच्या डब्यावरची अक्षरे वाचता येतात, पण डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ सांगता येत नाही. बाजारातून आलेली पट्टी पुढे ठेवली, तर हमाली, तोलाई आणि बाकीच्या वजावटी जाऊन क्विंटलमागे हाती काय पडले, ते मांडता येत नाही. टक्केवारीची उदाहरणे मात्र त्याने वहीभर सोडवलेली असतात. दहावीत पास झाले तर ते नोकरीच्या रांगेत जाते, नापास झाले तर पारावर बसते. वावरात जायची त्याला लाज वाटते, आणि ही लाज त्याला शाळेनेच शिकवली.

हे दुखणे आजचे नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी तिजोरी भरते आणि तो पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, हे त्यांनी साहेबाला स्पष्ट सुनावले. वाचन, लेखन, हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे शाळेत असावेत, अशी मागणी त्यांनी केली. पुढे १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्याच कापसाच्या मुलखात, वर्ध्याला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना देशापुढे आली. मातृभाषेतून आणि हातातल्या कामातून शिकायचे, हा तिचा गाभा.

तेव्हाही एक शंका निघाली होती आणि आजही निघते. ती खरी आहे, म्हणून तिला बगल द्यायची नाही. "साहेबाचे पोर संगणक शिकणार आणि आमच्या पोराने शाळेतही टिकावच मारायचा का? घरी काम आहे म्हणून तर शाळेत घातले!" असे आपल्या बाया विचारतात. बरोबरच विचारतात. शाळेच्या नावाखाली पोरांकडून फुकटची मजुरी करून घेणार असाल, तर तसली शाळा आम्हाला नको. कामातून गणित, विज्ञान आणि भाषा पक्की होणार असेल, तरच ते शिक्षण.

पाबळने काय केले

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे दुष्काळी गाव आहे. पाऊस कमी, जमीन कोरडवाहू. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची पीएच.डी. घेतलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात ते मोठ्या हुद्द्यावर होते. ते सोडून १९८३ साली ते पाबळला येऊन राहिले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. २००३ मध्ये ते वारले. आश्रमाचे काम त्यांच्या मागेही चालू राहिले.

कलबागांचे म्हणणे सोपे होते. माणूस करता करता शिकतो. आईच्या मांडीवरचे पोर चालायला आणि बोलायला शिकते, ते काही पुस्तक वाचून नव्हे. मग आठवीच्या पोराने विज्ञान नुसते फळ्यावर का शिकावे? त्यांनी आठवी ते दहावीसाठी "मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख" हा विषय बसवला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. कामाचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन. पोरे लोखंड जोडतात, विटांचे बांधकाम करतात, विजेची जोडणी करतात, माती तपासतात, जनावराचे वजन फितीने मोजून काढतात. शिकवायला गावातलेच कारागीर. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली.

यातली मोलाची गोष्ट वेगळीच आहे. पोरांचे काम नुसते दाखवण्यापुरते नसते. गावाला ज्याची गरज आहे ते करायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. कोणाचे फाटक जोडले, तर लोखंड किती, वीज किती, मजुरी किती याचा खर्च काढायचा. शाळेतले गणित चुकले तर लाल रेघ पडते. इथे गणित चुकले तर पदरचे पैसे जातात, म्हणून पोर ते पुन्हा विसरत नाही. याच पाबळला २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब आली. संगणकावर आराखडा काढून यंत्राने वस्तू घडवायची ती कार्यशाळा. कोरडवाहू गावच्या पोराला नवे तंत्र झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आपल्याकडे काय करता येईल

एकच उदाहरण घेऊ. शाळा उघडते त्याच सुमारास आपल्याकडे निंबोळी गळते. पोरांनी ती वेचावी, गर काढून धुवावी आणि सावलीत वाळवावी. फुलापातीच्या दिवसांत तिचा पाच टक्के अर्क कापसाला लागतो. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची आणि एकूण पाणी शंभर लिटर करायचे. पाच टक्के म्हणजे काय, हे मग कोणाला पाठ करावे लागत नाही. फवारणी संध्याकाळी का? निंबोळीतला कडू अंश उन्हाने लवकर निकामी होतो म्हणून. रसायनशास्त्राचा धडा झाला. जून-जुलैत गोळा केलेला माल सप्टेंबरपर्यंत बुरशी न लागता टिकवायचा, ही साठवणूक झाली. पोत्याला, फडक्याला आधी पैसे घालायचे, हे भांडवल झाले. आणि किलोचा भाव काय ठेवायचा, हा उद्योग झाला.

असेच दुसरे काम सापळ्यांचे. पोरांनी कापसात कामगंध सापळे लावावेत, रोज सकाळी गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजून फळ्यावर आकडा लिहावा. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा अधिक पतंग आले, तर उपाय करायची वेळ आली असे शास्त्रज्ञ सांगतात. शाळेचा फळा हा साऱ्या गावाचा इशारा होईल. पेरणीआधी ज्वारीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहावे. पर्जन्यमापक बसवावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर चार हजार लिटर पाणी, हे ज्या पोराने स्वतः मोजले, त्याला बांध का घालायचा ते सांगावे लागत नाही.

आणि डब्यावरचे त्रिकोण. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. जहाल औषधे, चुकीची मिश्रणे, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, अशी त्याची कारणे सांगितली गेली. घरातल्या एका पोराने चिठ्ठी वाचून "बाबा, हे नको" म्हटले, तर त्या शिक्षणाचे मोल कोणत्या गुणपत्रिकेत मावेल?

हिशेब हाच खरा धडा

आजकाल सरकारही उद्योजकतेचे बोलते. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब निघाल्या. सहावी ते बारावीच्या पोरांसाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे शिकण्याची सोय सांगितली. ठीक आहे. पण यंत्र कुलपात राहिले तर ते शिक्षण नव्हे, आणि नुसते दहा दिवस म्हणजे सहल. पाबळचा एक दिवस दर आठवड्याचा आहे, हे ध्यानात ठेवा.

शिवाय उद्योजक म्हणजे कोण? जो स्वतःचे भांडवल घालतो, जोखीम घेतो आणि माल बाजारात आणतो. मग आपल्याइतका उद्योजक दुसरा कोण? आभाळाच्या भरवशावर पेरणारा माणूस रोज जोखीम घेतो. फरक एवढाच, की कारखानदार आपल्या मालाचा भाव स्वतः सांगतो आणि आपण गाडी उभी करून "काय भाव देता?" असे विचारतो. निंबोळी वेचायला माय आली असेल, तर तिचा रोज खर्चात धरलाच पाहिजे, हा नियम पोराला आठवीत कळला, तर घरच्या कापसाच्या खर्चात तिची मजुरी का धरली जात नाही, हे ते नववीत विचारेल. हा प्रश्न विचारणारी पिढी शाळेत तयार व्हायला हवी. असे पोर पुढे शेती करो, कार्यशाळा काढो की शहरात जावो, त्याला कोणी सहज नाडणार नाही.

तेव्हा मेळाव्यापुढे चार गोष्टी ठेवतो. एक, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बाया असतात. त्या समितीत बसा आणि आठवड्याचा एक दिवस कामाचा मागा. दोन, लोहार, सुतार, गवंडी, मोटार बांधणारा, पापड करणारी बाई यांना शिक्षक म्हणून बोलवा आणि मानधन द्या. तीन, वही उघडी ठेवा. खर्च आणि विक्री भिंतीवर लिहा. नफा पोरांच्या कामातच लागला पाहिजे. चार, विषारी औषधाला पोराचा हात लागता कामा नये, मुलीच्या हाती फक्त झाडू आणि मुलाच्या हाती पाना असला भेद नको, आणि कामासाठी पुस्तकाचा तास बुडता कामा नये.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने शाळेतल्या एका कामाची वही सोबत आणावी. तोटा झाला असेल तरी आणा. तोटा नेमका कुठे झाला, हे ज्या गावच्या पोराला मांडता आले, ते गाव निम्मी लढाई जिंकले.