ताटातील वीस ग्रॅम डाळ

मेहकर म्हटले की पुष्कळांना बुलढाण्याचे मेहकर आठवते. त्याच नावाचे दुसरे गाव बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आले आणि भालकी म्हैसूरकडे गेली. घरात मराठी, कचेरीत कानडी अशा या मुलखात अन्न वाटून खाण्याचा विचार मात्र दोन्ही भाषांच्या स्मरणात फार जुना आहे.

दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली केली आणि त्या धान्याची किंमत विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बेदरच्या बादशहाकडे भरली, ही कथा मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आला आहे. (ज्याला गावच्या पंगतीत जागा नव्हती त्याचेच रूप देवाने घ्यावे, हे तिच्यातील मर्म कीर्तनात बहुधा घाईने ओलांडले जाते.) इकडे बाराव्या शतकात, याच जिल्ह्यातील कल्याण नगरीत, बसवेश्वरांनी कायक आणि दासोह हे दोन शब्द एकत्र जोडले: श्रमाने मिळवावे आणि मिळालेले वाटून खावे. सन २००२ मध्ये कर्नाटक सरकारने शाळेत शिजवलेले जेवण देण्याची योजना बीदर, कलबुर्गी आदी जिल्ह्यांत प्रथम सुरू केली, तेव्हा तिला ‘अक्षर दासोह’ हे नाव दिले. नाव ठेवणाऱ्याने शब्द मोठा नेमका निवडला.

परंतु जेवण वाढले म्हणजे अन्नाचे शिक्षण झाले असे होत नाही. केंद्र सरकारच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलाचा हक्क ठरविले. आकडे बहुधा फायलीतच राहतात. चौथीच्या गुरुजींनी तराजू आणून वीस ग्रॅम तुरीची डाळ मुलांकडूनच तोलून घ्यावी आणि हजेरीशी तिचा गुणाकार करावयास सांगावे. साठ मुलांना एक किलो दोनशे ग्रॅम डाळ लागते, हे ज्याला कळले ते मूल पातळ वरणाकडे निराळ्या नजरेने पाहू लागते.

ती डाळ येते कोठून, हे दाखविण्यास दूर जावे लागत नाही. तूर, मूग, उडीद ही येथलीच पिके; कलबुर्गीच्या तूरडाळीला तर २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पावसाळ्यात मुगाचे एक रोप मुळासकट अलगद उपटावे आणि माती धुवावी. मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठ नखाने फोडून आत गुलाबी रंग निघाला, तर तिच्यातील जिवाणू हवेतील नत्र पिकाला पोचवीत आहेत असे समजावे. ‘सेंद्रिय शेती’ या जड शब्दाने बिचकणारे मूल हे दृश्य विसरत नाही. ज्वारीच्या रानात पालटून मूग का पेरतात, हे त्याचे त्यालाच उमगते. आजी भाकरीबरोबर वरण का वाढते याचाही उलगडा होतो; ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हे आवश्यक द्रव्य कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते.

शेतात राबणाऱ्याच्या घरी तूर पोटभर शिजतेच असे मात्र नाही. मुलांतील कुपोषण ध्यानी घेऊन डिसेंबर २०२१ मध्ये बीदरसह काही जिल्ह्यांतील शाळांत अंडी देण्यास प्रारंभ झाला; न खाणाऱ्यास केळे. त्यावरून मोठ्यांत वाद झाला. एकाच पंगतीत एकाच्या ताटात अंडे, शेजारच्याच्या ताटात केळे, आणि कोणी उठून जात नाही; नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याहून चांगला धडा सापडणे कठीण.

शाळेच्या परसबागेसाठी केंद्राने २०१९ मध्ये सूचना काढल्या. अडचण पाण्याची. हात धुतलेले पाणी चारी काढून वाफ्याकडे वळविले तर मेथी, पालक निभावतात, तेही शाळा भरते तोवर. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला. अशा वर्षी मे महिन्यात चूल पेटते तेव्हा वाफे वाळलेले असतात. कुंपणाकडेचा शेवगा तेवढा तग धरून असतो, आणि त्याचाच पाला वरणात पडतो.