एका घोंगडीखाली
(आलापल्ली येथील बैठकीत केलेले भाषण)



वरोरा, राजुरा, कोरपन्याचे कापूस-ज्वारीवाले आलापल्लीत कशाला चालले, असे येताना एसटीत एकाने विचारले. हा मुलूख सागवानाचा, बांबूचा, तेंदूपत्त्याचा. पऱ्हाटीवाल्याचे इथे काय काम? उत्तर देण्याआधी एका इंग्रजी म्हणीबद्दल बोलतो.

राजकारणात कोण कोणाच्या अंथरुणात सापडेल याचा नेम नाही, अशा अर्थाची ती म्हण आहे. तिचे दाखले आपल्याला नवे नाहीत. 1978 साली पुलोद झाले, त्यात काँग्रेसमधून फुटलेले आणि जनसंघातून आलेले एका सरकारात बसले. 2019 च्या नोव्हेंबरात शिवसेना आणि काँग्रेस एकत्र आली. प्रत्येक वेळी ही म्हण सांगून लोक हसले आणि विषय संपला. जणू म्हण म्हटली की सगळे माफ!

पण मुळात ती पुढाऱ्यांची नाहीच. शेक्सपियरच्या 'टेम्पेस्ट' या 1611 च्या सुमाराच्या नाटकातून ती आली आणि तिथे ती संकटाबद्दल आहे. गलबत फुटून एक विदूषक बेटावर येतो. पुन्हा वादळ घोंगावते, आडोसा कुठेच नाही. जमिनीवर कॅलिबन नावाचा विद्रूप माणूस पडलेला असतो, त्याच्याच झग्याखाली हा शिरतो. हा कॅलिबन कोण? बेट आपले आहे असे म्हणणारा, पण बाहेरून आलेल्या मालकासाठी लाकडे वाहणारा. आलापल्लीत त्याची ओळख आणखी करून द्यायला नको. आणि त्याला पाहून विदूषकाच्या मनात पहिला विचार काय येतो? याला आपल्या देशी नेऊन दाखवला तर पैसे मिळतील! मग विदूषकाचा सोबती येतो, कॅलिबनला दारू पाजतो, आणि एका मालकाला कंटाळलेला कॅलिबन दुसऱ्याचे पाय धरतो.

आपल्याकडे 'अडला हरी' म्हणतात, त्यात नुसती लाचारी आहे. इथे विचारायचे ते वेगळे आहे. वादळ दोघांचे एकच आहे का? आणि घोंगडीखालचा सोबती मनात आपली काय किंमत करतो आहे? एका निवडणुकीत आमच्यातल्या काहींनी हे विचारले नाही. सभेला माणसे आमची, सतरंज्या आमच्या; निकालानंतर साहेबांच्या दारात तीन तास उभे राहिलो.

वादळ एकच असले तर काय होते, तेही याच भागाने पाहिले आहे. इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली ही धरणे ठरली, जंगल आणि गावे बुडणार होती. त्याविरुद्ध 1980 च्या दशकात 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन उभे राहिले. त्यात लालश्याम शाह होते, पानाबरसचे जमीनदार, 1962 साली चांद्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेलेले. त्यांच्या शेजारी बाबा आमटे, घरची जमीनदारी सोडून कुष्ठरोग्यांत राहिलेले. मागणी एकच होती. इंचमपल्लीचे धरण आजही उभे नाही.

आता एसटीतल्या प्रश्नाकडे येतो. 1972 पासून एकाधिकार खरेदी होती तेव्हा राजुऱ्याचा कापूस आदिलाबादला नेला तर तो गुन्हा होता. पीक आपले, नाका सरकारचा. ती योजना गेली, पण 2012 च्या मार्चमध्ये दिल्लीने कापसाची निर्यात पुन्हा बंद केली आणि पुढे ती उठवली. इकडे धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावाला 2009 साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. म्हणजे नाका दोघांच्याही वाटेत होता.

भांडणे आहेतच. आम्हाला ज्वारीला भाव हवा, जंगलातल्या माणसाला धान्य स्वस्त हवे. आमची गुरे त्यांच्या जंगलात शिरतात. ही भांडणे आज मिटणार नाहीत आणि मिटल्याचे नाटकही नको. आमचे म्हणणे एवढेच, की माल ज्याचा त्याने तो हवा तिथे विकावा, या एका मागणीपुरते एकत्र बसू. निवडणुकीत कोणी कोणाला बांधील नाही.

जेवणानंतर ग्रामसभांची मंडळी येणार आहेत. आपल्या मागण्यांचा कागद तयार आहे, पण तो लगेच पुढे करू नये. आधी त्यांना बोलू द्यावे.