नाकाची थिअरी



मी गोदीतला कामगार. शिक्षण मॅट्रिक. पुण्यात येऊन विज्ञानावर बोलायचं म्हणजे इथल्या पंडितांच्या भुवया वर जाणारच. जाऊ द्या.

भरतीचं पाणी गोदीच्या भिंतीला कुठवर चढलं, हे फॅक्ट. ते दिसतं, मोजता येतं. चंद्र-सूर्याच्या ओढीनं समुद्र चढतो, ही थिअरी. ओढ कुणाला दिसत नाही. पण त्या हिशेबावर आणि जुन्या मोजणीवर पुढच्या वर्षाची भरती-ओहोटी आधीच छापून येते, अन् पाणी वेळेला हजर. म्हणून 'नुसती थिअरी' म्हणून नाक मुरडू नका. थिअरी म्हणजे थाप नव्हे. तिनं आपली मान फॅक्टच्या सुरीखाली ठेवली पाहिजे, एवढंच.

आता मान न ठेवणारी थिअरी. हर्बर्ट रिस्ले, १९०१ च्या शिरगणतीचा मोठा साहेब. नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर. म्हणे जात जितकी वरची तितकं नाक निमुळतं! मोजपट्टी लावली की झालं शास्त्र.

इरावती कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या. गुरू ऑयगेन फिशर. त्याची थिअरी अशी की गोऱ्याची कवटी एका बाजूनं मोठी, म्हणून अक्कल जास्त. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वाकडेपणाचा वंशाशी संबंध लागेना. तसंच प्रबंधात लिहून दिलं, गुरूच्या तोंडावर. पुढं इथं डेक्कन कॉलेजात असताना त्यांनीही जातवार माणसं मोजली, ते मला खटकतं. पण बर्लिनची हिंमत खरीच.

बाबासाहेबांनी तर साहेबाची पट्टी साहेबावरच उलटवली. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये ब्राह्मणांच्या अन् अस्पृश्यांच्या नाकांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले. ब्राह्मण आर्य तर अस्पृश्यही आर्य. तो द्रविड तर हाही द्रविड. वंश निराळा म्हणून अस्पृश्यता, ही थिअरी तिथंच आडवी झाली.

मग अस्पृश्यता आली कुठून? ती आहे, हे फॅक्ट आपल्या पाठीवर आहे. कारण म्हणून बाबासाहेबांनी स्वतःची थिअरी मांडली : टोळ्यांतून फुटलेली माणसं, बौद्ध धर्म, गोमांस. आणि प्रस्तावनेत स्वच्छ सांगितलं की दुवे हरवलेत तिथं अनुमानानं काम भागवलंय. आपली काही पोरं तीच थिअरी फॅक्ट म्हणून घोकतात. मला ते पटत नाही. गोमांसाच्या मुद्द्यावर माझ्या स्वतःच्या दोन शंका आहेत. त्या मी आत्ता मांडतो, ज्याला खोडायच्यात त्यानं पुढं येऊन बसावं.